घरच्यासारखी

धोंडबाचा पाय कन्हान नदीच्या पलीकडच्या एका कोळसा खाणीत गेला, तेव्हा त्याची थोरली मुलगी बायजा आठ वर्षांची होती. उतारावर उभी केलेली कोळशाची ट्रॉली सुटली आणि त्याच्या उजव्या पायावरून गेली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मालक म्हणाला, चूक याचीच. कोणीतरी सांगितलं की नागपूरला धंतोलीत वामनराव नावाचे वकील आहेत, गरिबाची केस फुकट लढतात. धोंडबा खाटेवरून उठला तसा कुबडी घेऊन त्यांच्या फाटकाशी जाऊन बसला. वामनरावांनी केस घेतली, दोन वर्षं लढवली, जिंकली आणि फी म्हणून काही घेतलं नाही.

हे आधीच सांगितलेलं बरं. पुढं जे झालं, ते या चांगुलपणाच्याच वाटेनं झालं.

निकालानंतर धोंडबा पाया पडायला गेला. वामनराव म्हणाले, "अरे, पाया कसला पडतोस! तुझी बायको गेली, घरात पोरीकडे बघणारं कोण आहे? पाठव तिला इकडे. आमच्या सत्यवतीच्याच वयाची आहे. तिच्याबरोबर वाढेल, शाळेत जाईल." धोंडबाला रडू आलं. एवढा मोठा माणूस आपल्या पोरीचा विचार करतो, याचंच त्याला अप्रूप वाटलं. १९६१ च्या उन्हाळ्यात त्यानं दहा वर्षांच्या बायजाला नवं परकर-पोलकं घातलं, धाकट्या गोविंदाला शेजारणीकडे ठेवलं आणि तिला धंतोलीत आणून सोडलं.

पहिल्याच दिवशी तिचं नाव गेलं. वामनरावांच्या आईचं नाव बायजाबाई होतं. "सासूबाईंच्या नावानं मी हिला भांडी घासायला हाक मारू का?" कुसुमताईंनी नवऱ्याला विचारलं. वामनराव हसले. संध्याकाळपर्यंत ती कांता झाली होती.

त्या वर्षी मे महिना नेहमीसारखाच भाजत होता. बंगल्याच्या दारा-खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावलेल्या. त्या ओल्या ठेवायचं काम कांताकडे आलं. दुपारी सगळे आत अंधारात गार जमिनीवर झोपत आणि ही बाहेर व्हरांड्यात बादली घेऊन. लोट्यानं ताटीवर पाणी मारायचं, दुसऱ्या खिडकीशी जायचं, तिसऱ्या, परत पहिल्या. एक फेरी पूर्ण होईस्तोवर पहिली ताटी वाळलेली असे. आतून वाळ्याचा गार वास येई. तिच्या बाजूला फक्त लू. एकदा तिला तिथेच भोवळ आली. कुसुमताईंनी तिच्या डोक्याला कांदा चोळला, पन्हं पाजलं आणि म्हणाल्या, "टोपी घालून बसत जा गं." दुसऱ्या दिवशी सत्यवतीची जुनी टोपी तिला मिळाली.

कुसुमताई काही राक्षसीण नव्हत्या. दोन वेळ पोटभर जेवू घालत, दिवाळीला लुगडं घेत, ताप आला तर गोळी देत. हात उचलत, पण रोज नाही. पहाटे चार वाजता कांतानं उठायचं, बंब पेटवायचा, अंगण झाडायचं, पाटा-वरवंट्यावर वाटण काढायचं, आल्यागेल्याचं करायचं, पुढं सासूबाई बायजाबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं काढायचं. सगळे निजले की कोठीच्या खोलीत, धान्याच्या डब्यांमध्ये, तिची सतरंजी. कोठीला बाहेरून कडी लागे. "चोराचिलटाची भीती. आमची काळजी नको का आम्हाला?" असं कुसुमताई पाहुण्यांना सांगत.

शाळेचं नाव पहिले काही महिने निघत राहिलं. जूनमध्ये वामनराव म्हणाले, पुढच्या वर्षी. पुढच्या जूनमध्ये कुणीच काही म्हणालं नाही. सत्यवती शाळेतून आल्यावर कधी खेळ म्हणून तिला पाटीवर अक्षरं काढून दाखवी. त्या दोघी 'ङ'पर्यंत पोचल्या होत्या. मग सत्यवतीला गाण्याची शिकवणी लागली.

पगार हा शब्द त्या घरात तिच्या संदर्भात कधी उच्चारलाच गेला नाही. घरच्या मुलीला कोणी पगार देतं का?

धोंडबा वर्षातून एकदा, पोळा झाला की यायचा. व्हरांड्याच्या खालच्या पायरीवर कुबडी आडवी ठेवून बसायचा. कुसुमताई त्याला चहा पाठवत आणि चहा घेऊन बायजाच येई.

"कशी हायेस वं माय?"

"बाबा, मले घरी ने."

"घरी काय ठेवलं हाय? इथं चांगली राहून राहिली. पायात चप्पल हाय. साहेबाचे उपकार हायेत आपल्यावर, कसा बोलू मी?"

दर वर्षी तेच बोलणं. ती दर वर्षी एकेक गोष्ट सांगून पाहायची. कडी लावतात, हे सांगितलं. बाईनं उलथनं फेकून मारलं, ती खूण दाखवली. शाळेत घातलंच नाही, हेही सांगितलं. धोंडबा ऐकून घ्यायचा, कुबडीच्या दांड्यावरून हात फिरवत बसायचा. मग वामनराव बाहेर येत. "काय धोंडबा, बरं आहे ना? पोर अगदी घरच्यासारखी आहे हो!" आणि धोंडबा एका पायावर धडपडत उभा राहून हात जोडायचा. त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं की तिला कळायचं, की या वर्षीही काही होणार नाही.

१९६७ साली पोळ्यानंतर तो आला, तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची झाली होती. त्या दिवशी तिनं काही सांगितलं नाही. चहा पायरीवर ठेवला आणि म्हणाली, "मले नेत नसशील तं येऊ नको. उगाच कायले येतं तू? तुले पाह्यलं का मले चार दिवस काम सुचत नाही."

धोंडबानं मान खाली घातली. चहा प्यायला. जाताना फाटकाशी थांबून म्हणाला, "रागात नको राहू वं, माय." तिनं कपबशी उचलली आणि ती आत गेली.

पुढच्या वर्षी पोळा आला, गेला. धोंडबा आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आपल्या बोलण्यानं बाप दुखावला, हे तिच्या मनानं पक्कं धरलं. एकदा तिनं भीत भीत कुसुमताईंना विचारलं, "बाई, माहे बाबा काहून येत नसन?" कुसुमताई गव्हातले खडे वेचत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. "पाय दुखत असेल. येईल की." त्यानंतर तिनं विचारलं नाही. पण पोळ्यानंतरच्या आठवड्यात ती काही ना काही निमित्त काढून फाटकाकडे बघता येईल असं काम घेई. पायऱ्या धुवायच्या. कुंड्या हलवायच्या. अशी चौदा वर्षं गेली.

मधे १९७६ साल येऊन गेलं. वेठबिगारी बंद करणारा नवा कायदा झाला होता, आणि वामनरावांनी त्यावर घरीच एक बैठक बोलावली. दिवाणखान्यात वीस-पंचवीस माणसं. कांता चहाचा ट्रे घेऊन भिंतीकडेनं फिरत होती. वामनराव उभे राहून बोलत होते. त्यांचा आवाज भारी होता, लोक खिळून ऐकत. "राज्यघटनेच्या तेविसाव्या कलमानं वेठ केव्हाच गुन्हा ठरवली आहे. पण खेड्यापाड्यांत अजून माणूस माणसाला राबवतो. मजुरी नाही, सुटका नाही. मित्रहो, याला दुसरा शब्द नाही. ही गुलामी आहे." टाळ्या झाल्या. एका गृहस्थानं टाळी वाजवण्यासाठी रिकामा कप तिच्या हातात दिला. तिला त्या बोलण्यातले दोनच शब्द नीट कळले, मजुरी आणि सुटका. ते आपल्याबद्दल असू शकतात, असं तिच्या मनातही आलं नाही. त्यातली माणसं खेड्यापाड्यांतली होती आणि ती तर धंतोलीत राहत होती.

१९८२ च्या जानेवारीत फाटकाशी एक नवी भाजीवाली यायला लागली. प्रयागबाई तिचं नाव. पन्नाशीची, मोठ्या आवाजाची, टोपलीत वांगी, सांबार म्हणतात त्या कोथिंबिरीच्या जुड्या आणि मोसमात संत्री. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं सहज विचारलं, "कोन्या गावची वं तू?"

बायजानं गावाचं नाव सांगितलं. कितीतरी वर्षांनी ते तिच्या तोंडून निघालं होतं.

"थे तं माह्या बहिणीचं गाव! कोनाची पोरगी?"

"धोंडबाची. पाय तुटलेला."

प्रयागबाईचा हात टोपलीतच राहिला. "धोंडबा? थो तं कधीचा मेला न वं, माय. माह्या बहिणीची पोरगी अंगावर पेत होती तेव्हाची गोष्ट. आता त्या पोरीचं लगन झालं. तुले माहीत नाही?"

बायजानं टोपलीतलं एक वांगं उचललं.

"पोळ्याले नागपूरहून आला तसा खाटेवर पडला म्हणे. चैत्रात गेला. त्याच्या आधीच तुह्या भावानं इथं कार्ड धाडलं होतं, का बाप जगत नाही. गेल्यावरही तुही वाट पाह्यली, मंग अंधार पडता पडता उचलला. गावात लोक तुलेच नावं ठेवत होते, का बापाचं तोंड पाहाले नाही आली."

बायजानं वांगी निवडून घेतली. आत आणून ठेवली, धुतली, चिरायला घेतली. मग विळी आडवी केली आणि कुसुमताईंच्या खोलीत गेली. कुसुमताई आता साठीच्या होत्या, पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या.

"बाई, माह्या बाबाचं कार्ड आलं होतं?"

कुसुमताईंनी चष्मा काढला. त्या खोटं बोलल्या नाहीत, एवढं मात्र खरं. थोडा वेळ आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "हो, आलं होतं. सत्यवतीच्या लग्नाला दहा दिवस राहिले होते बघ. घर पाहुण्यांनी भरलेलं. तू गावाला जाऊन सुतकात अडकली असतीस तर माझं काय झालं असतं? म्हटलं, लग्न पार पडू दे, मग सांगू." त्यांनी चष्मा पदरानं पुसला. "नंतर राहूनच गेलं."

बायजा तिथेच उभी राहिली. सत्यवतीच्या लग्नात तिनं पाचशे माणसांच्या पंगती उठवल्या होत्या. हळदीच्या दिवशी ती हसलीसुद्धा होती, हे तिला आठवलं.

"जा, भाजी करपेल," कुसुमताई म्हणाल्या.

भाजी अजून टाकलीच नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली, मागच्या दारानं अंगणात आली, आणि भर दुपारी, सगळ्यांच्या देखत, फाटक उघडून रस्त्यावर गेली. कोणी अडवलं नाही. एकवीस वर्षांत दिवसा त्या फाटकाला कुलूप कधीच नव्हतं.

प्रयागबाईनं तिला आपल्या झोपडीत नेलं. आठवडाभरानं तिच्याच वस्तीतल्या शामला नावाच्या वकील मुलीकडे नेलं. शामला सत्तावीस वर्षांची. तिच्या आईनं विड्या वळून तिला शिकवलं होतं. छप्पन साली तिचे आई-बाप दीक्षा घेणाऱ्या गर्दीत उभे होते आणि ती तेव्हा आईच्या कडेवर होती, हे ती अभिमानानं सांगे. तिच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि खूप पुस्तकं होती. तिनं बायजाला खुर्चीवर बसायला सांगितलं. बायजा जमिनीवर बसली. शामलाही मग जमिनीवर बसली आणि दोन दिवस नुसती ऐकत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिनं एक जाड पुस्तक उघडलं. "हे ऐका, बायजाबाई. जिनिव्हा म्हणून परदेशात एक गाव आहे. तिथं छप्पन साली पुष्कळ देशांनी मिळून करार केला. आपल्या देशानंही साठ साली त्याला मान्यता दिली. त्यात लिहिलंय, आईबापानं आपलं अठरा वर्षांखालचं मूल दुसऱ्याच्या हवाली करायचं, मोबदला घेऊन असो की न घेता, आणि त्यानं त्या मुलाला राबवून घ्यायचं, ही गुलामीच्या जातीचीच प्रथा आहे. ती बंद केली पाहिजे." तिनं मान वर केली. "तुम्ही एकसष्ट साली आलात. म्हणजे तुम्ही धंतोलीत पाऊल टाकलं तेव्हा आपल्या सरकारनं हे वचन दिलेलं होतं."

बायजानं विचारलं, "मंग तेव्हा कोनी सांगितलं काहून नाही?"

शामलानं पुस्तक मिटलं. तिनं अर्ज लिहायला घेतला.

चौकशी सहा महिन्यांनी लागली. एका सरकारी कचेरीत, पंखा कुरकुरणाऱ्या खोलीत. चौकशी अधिकारी तरुण होता, वाईट नव्हता. वामनराव शांतपणे आले, अधिकाऱ्याला नमस्कार केला आणि बायजाकडे वळून म्हणाले, "कशी आहेस, कांता? तुझ्या बाई रोज आठवण काढतात." ती खुर्चीवरून उठून उभी राहिली. शामलानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

अधिकाऱ्यानं विचारलं, "वडिलांनी यांच्याकडून उचल घेतली होती?"

"नाही."

"काही लिहून दिलं होतं? अंगठा?"

"नाही, साहेब."

"मारायचे?"

"कधी कधी."

"कोंडून ठेवायचे?"

"रात्री."

"मग दिवसा का नाही गेलात?"

बायजानं तोंड उघडलं. जायचं म्हणजे काय, हे या माणसाला कुठून सांगायला सुरुवात करावी, तिला कळेना. "कुठी जाऊ, साहेब?" ती एवढंच म्हणाली. कारकुनानं ते लिहून घेतलं.

शामलानं खूप जोर लावला. वकिलीची फी माफ केली, हाच मोबदला. त्या उपकारापोटी मुलगी दिली गेली. कायद्यात नुसतं कर्ज नाही, रूढीचं आणि उपकाराचं बंधनही बसतं, असं तिनं मांडलं. वामनरावांनी ऐकून घेतलं आणि पिशवीतून जुनी रेशनकार्डं काढली. पासष्ट सालापासूनची. प्रत्येकावर घरातल्या माणसांच्या यादीत शेवटी नाव होतं, कांता. "नोकराचं नाव कोणी रेशनकार्डावर घालतं का?" ते म्हणाले. तिच्या नावावर सतरा वर्षं साखर आली होती, हे बायजाला त्या दिवशी कळलं.

मग वामनरावांच्या साक्षीदाराला बोलावलं. दारातून एक पोट सुटलेला, अकाली अर्धे केस पिकलेला माणूस आत आला. बायजानं त्याला ओळखलं नाही. त्यानं नाव सांगितलं तेव्हा ओळखलं. गोविंदा. शेवटचा पाहिला तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि तिच्यामागे रडत धावला होता.

गोविंदानं वर न बघता सांगितलं. बापानं बहिणीला आपखुशीनं ठेवलं होतं. साहेबांनी तिला लेकीसारखं वाढवलं. कोणाची काही तक्रार नव्हती. वामनरावांनीच त्याला आठ वर्षांपूर्वी एका ठेकेदाराकडे चौकीदारी मिळवून दिली होती; शामलानं विचारल्यावर तेही त्यानं कबूल केलं. "मले तीन पोरी हायेत, बाई," तो शामलाला म्हणाला, जणू तेच उत्तर होतं.

बाहेर व्हरांड्यात त्यानं बायजाला गाठलं. "माफ कर वं, बाई. माहा इलाज नव्हता."

"बाबा मरताना काही म्हणे का?"

गोविंदानं इकडेतिकडे पाहिलं. "तुही वाट पाह्ये. म्हणे, थे रागात हाय, म्हणून नाही आली."

ती भिंतीला टेकून खाली बसली. आतून शामलाचा आवाज येत होता, कलमांचे आकडे सांगणारा. कोणीतरी ग्लासात पाणी आणून दिलं. तिनं ते हातात धरून ठेवलं.

निकाल महिन्याभरानं आला. उचल नाही, करार नाही, दिवसा येण्याजाण्यास मज्जाव नाही; हा वेठबिगारीचा प्रकार असल्याचं सिद्ध होत नाही. राहिलेल्या मजुरीचा वाद असल्यास वेगळी दाद मागावी. घरकामाला तेव्हा किमान मजुरीचा दरच ठरलेला नव्हता, म्हणजे दाद मागायची तर कशाची, हाही प्रश्नच होता. शामला चिडून रडली. "आपण हायकोर्टात जाऊ. दिल्लीच्या मोठ्या कोर्टानं आता म्हटलंय, किमान मजुरीपेक्षा कमी देऊन काम करवून घेणं म्हणजेच सक्तीची मजुरी. हे टिकणार नाही, बायजाबाई." बायजानं कागदावर अंगठा उठवला. 'ङ'पर्यंतची अक्षरं ती केव्हाच विसरली होती.

प्रयागबाईच्या ओळखीनं तिला एका खासगी दवाखान्यात आयाचं काम लागलं. दवाखाना धंतोलीतच, बंगल्यापासून तीन गल्ल्या दूर. पहिल्या महिन्याचा पगार घेताना तिनं मॅनेजरला विचारलं, "हे कोनाले द्यायचे?" सोबतच्या आया हसल्या. तीही हसली, पण तिला खरंच माहीत नव्हतं. रविवारी सुट्टी असे. तेव्हा ती प्रयागबाईच्या झोपडीत सकाळपासून भांडी घासत बसे, घासलेलीच पुन्हा घासे. प्रयागबाई ओरडायची, "अवं, बस न जराशी! कोन पाहून राहिलं तुले?" ती बसायची, आणि थोड्या वेळानं पुन्हा उठायची. कोणी लग्नाबद्दल बोललं तर ऐकून घ्यायची. काय आवडतं, काय खाशील, असं कोणी विचारलं की गोंधळून जायची आणि म्हणायची, "जे उरन थे."

पोळ्यानंतर ती एकदा गावी जाऊन आली. गोविंदाच्या बायकोनं दारातच पाणी दिलं. तीन पोरी उंबऱ्याआडून बघत होत्या. बापाला कुठं जाळलं, हे गोविंदा दाखवायला निघाला. पण नदीला मधल्या काळात दोन पूर येऊन गेले होते, काठ सरकला होता. "इथंच असन कुठीतरी," तो म्हणाला. बायजानं नदीचं पाणी ओंजळीत घेतलं, काय म्हणायचं ते तिला सुचलं नाही. तिनं ते सोडून दिलं आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आली.

हायकोर्टातला अर्ज तीन वर्षं तारखा घेत राहिला. १९८५ च्या पावसाळ्यात वामनराव वारले. वर्तमानपत्रात फोटो आला, गरिबांचा वकील म्हणून दोन परिच्छेद आले. शामला दवाखान्यात येऊन म्हणाली, "अर्ज संपत नाही यानं. त्यांच्या जागी कुसुमताईंना उभं करता येतं. सरकारला तर आपण आधीच उभं केलंय. फक्त तुम्ही मागं हटू नका."

बायजा चादरींच्या घड्या घालत होती. "ते गुलामी म्हणून लिहून देतीन का?"

"लिहून घ्यायचंच आहे आपल्याला."

"लिहून देल्लं का माहा बाप येते का मले भेटाले?" ती आवाज न चढवता म्हणाली. "शामलाबाई, तुम्ही माह्यासाठी लय केलं. पण दर तारखेले तिथं उभी राहून मले थेच सांगा लागते. बाबा कसा गेला, कार्ड कसं आलं. दर वेळी मी नव्यानं ऐकतो. आता नाही होत माह्यानं. काढून घ्या तो अर्ज."

शामलानं समजावलं, त्या दिवशी आणि पुढं दोनदा येऊन. बायजाचं तेच. अखेर फेब्रुवारीत अर्ज मागं घेतल्याच्या कागदावर तिनं अंगठा दिला. शामलानं तो कागद लगेच पिशवीत घातला नाही. दोघी जिन्याच्या पायरीवर बसल्या.

"मी हरले, बायजाबाई," शामला म्हणाली.

वरच्या मजल्यावरून घंटा वाजली. एका बाळंतिणीला गरम पाणी हवं होतं. बायजा उठली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि जिना चढायला लागली.